दुखण्याची गोळी आणि प्रतिकारशक्ती

आमच्या अर्विंगमध्ये उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्हॅली रँचच्या बाजूला फेरी मारली, की देशातून आलेले आईवडील जोडीजोडीने फिरताना दिसतात. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाची पाठ धरलेली. आणि घरातल्या औषधांच्या कपाटात, मुलाच्या अक्कलदाढेच्या वेळच्या हायड्रोकोडोनच्या चार-सहा गोळ्या उरलेल्या. "टाकायच्या कशाला?" हा तर आपला बाणाच! मग आईंचा गुडघा ठणकला की त्यातलीच अर्धी दिली जाते. या गोळीची सवय लागते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. ती प्रतिकारशक्तीही दाबते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

ही सगळी अफूची भावंडं. १९२० च्या दशकापर्यंत मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची 'बाळागोळी' देऊन निजवत. अफूचा हा दुसरा गुण शास्त्रज्ञांना त्याच्याही आधी कळला होता. १८९८ साली कांताकुझीन या रुमानियन संशोधकाने गिनीपिगना अफू दिली, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पेशी कॉलऱ्याचे जंतू नीट गिळेनाशा झाल्या.

आज त्याची कारणं बरीच समजली आहेत. मॉर्फीन मेंदूतल्या ज्या 'म्यू' ग्राहकांवर बसतं, तेच ग्राहक पांढऱ्या पेशींवरही आहेत. शिवाय आतडी मंदावतात (बद्धकोष्ठाची तक्रार उगाच नसते!), त्यांचं अस्तर सैल पडतं आणि जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते. खोकल्याची उबळ दबते, गुंगी येते, कफ छातीतच राहतो. २०१८ मध्ये टेनेसीतल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही औषधं घेणाऱ्यांत न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग दीडपटीहून अधिक आढळला. दोष एकट्या गोळीचाच, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांशी ते जुळतं.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर दात-ओठ खाऊन सोसत बसावं का? मुळीच नको. तीव्र वेदनेच्या ताणानेही प्रतिकारशक्ती खालावते. सगळी औषधं सारखीही नाहीत. मॉर्फीन, फेंटानिल जास्त दाबतात. ट्रॅमाडॉल, ब्युप्रेनॉर्फीन त्यामानाने कमी. बरेच दिवस चाललेली गोळी एकदम बंद करणंही वाईट, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते.

आम्हा इंजिनिअर लोकांना सर्वांत खटकते ती निराळीच गोष्ट. हायड्रोकोडोनच्या बहुतेक गोळ्यांत टायलेनॉलचं औषधही असतं, म्हणजे तापाची खूणही झाकली जाते. तेव्हा बाबा "बरं आहे रे" म्हणाले तरी त्यांचा श्वास, जखमेची लाली, जेवणावरची वासना यांकडे लक्ष ठेवा. त्यांना मधुमेह असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, न्यूमोनियाच्या लशीचं विचारून घ्या. भारतातून आणलेल्या गोळ्यांची यादीही दाखवा.

आणि कपाटातल्या त्या उरलेल्या गोळ्या? बऱ्याच फार्मसींत त्या टाकायची पेटी असते. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सरकारी 'टेक बॅक' दिवसही असतो, नावगाव न विचारता घेतात.