‘पेटंट’ औषधे आणि त्यांच्या जाहिराती

‘पेटंट औषध’ ही संज्ञाच मुळात भ्रामक होय. पेटंट मिळवावयाचे तर कृती उघड करावी लागते. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडातील बहुतेक विक्रेत्यांनी ती गुप्त राखून केवळ नावावर हक्क सांगितला. बीचमच्या गोळ्यांची डबी ‘एका गिनीच्या मोलाची’ म्हणून गाजली. १९०९ साली ब्रिटिश वैद्यक संघाने प्रसिद्ध केलेल्या पृथक्करणात तीत काळा बोळ, सुंठ व साबण एवढेच आढळले. मराठी वृत्तपत्रांतूनही जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांसारख्या शक्तिवर्धकांच्या जाहिराती झळकत. लज्जेने वैद्याकडे न जाणारा रोगी टपालाने औषध मागवी. असल्या मौनावरच गुप्त औषधांचा व्यापार पोसला. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने कामशक्ती व गुप्तरोगांवरील औषधांच्या जाहिरातींस मनाई केली. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही शब्द रद्द केले. परंतु अशी जाहिरात हा व्यापार होय, भाषणस्वातंत्र्य नव्हे, हे तत्त्व मान्य केले.