विंचूदंश : कारण, निदान आणि उपचार

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्याचा निरोध होऊ शकतो आणि त्या निरोधाचा मार्ग आहे, अशी शिकवण तथागतांनी दिली. आजाराचा विचारही आपण याच क्रमाने करावयास हवा. पाचाड परिसरातील वाड्या-वस्त्यांना परिचित असलेला विंचूदंश हे त्याचे जवळचे उदाहरण होय.

कारण : आपल्याकडे मोठ्या काळ्या इंगळीची भीती अधिक, पण जिवावर बेततो तो लहानसा तांबडा विंचू. त्याच्या विषाने मज्जातंतू उत्तेजित होऊन शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये एकदम वाढतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. लहान मुलांना धोका सर्वाधिक असतो.

निदान : यात लक्षणांनाच महत्त्व आहे. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ सुटणे, हातपाय गार पडणे, पुरुष व मुलग्यांमध्ये लिंग ताठ होणे ही विष अंगात भिनल्याची चिन्हे होत. खोकला, धाप आणि गुलाबी फेस म्हणजे अतिगंभीर अवस्था. दंशाची जागा फारशी दुखत नसली तरीही विष भिनलेले असू शकते. इंगळीच्या दंशाची कळ बहुधा आपोआप ओसरते आणि श्रेय मात्र मांत्रिकाच्या मंत्राला मिळते. तांबड्या विंचवाच्या बाबतीत हाच समज घात करतो.

उपचार : ज्या उपचाराने जगभरातील रुग्ण वाचले, त्याचा शोध आपल्याच तालुक्यात लागला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणांची नोंद केली. रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी आकुंचित रक्तवाहिन्या सैल करते, हे त्यांचे निरीक्षण १९८६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गंभीर विषबाधेत पूर्वी शंभरात तीसेक रुग्ण दगावत. वेळीच उपचार मिळाल्यास आता एखाद-दुसरा. प्राझोसिनसोबत विंचूप्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे महाडच्याच २०११ सालच्या अभ्यासात दिसले. २०२२ साली डॉ. बावस्करांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

आपण काय करावे? जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णास आडवे निजवून तातडीने जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी. सरपण, पेंढा वा दगड उचलताना सावध राहावे; अंथरूण व पादत्राणे झटकून वापरावीत.

महाडपर्यंतचा पंचवीसेक किलोमीटरचा घाटरस्ता आहे. मंत्र-उताऱ्यात गेलेला तास त्या रस्त्यावर भरून निघत नाही. विद्यार्थ्यांनी ही माहिती घरोघरी वाचून दाखवावी, ही नम्र विनंती.