आकडा कुठून आला? लिनक्सच्या एका लांबलचक पानाची गोष्ट

तुमचा प्रोग्रॅम संथ चालतोय, हे घड्याळ सांगतं. का संथ चालतोय, ते मात्र प्रोसेसरलाच माहीत असतं. त्याच्या आत मोजके काउंटर असतात: किती सूचना पार पडल्या, कॅशमध्ये हवी ती गोष्ट किती वेळा सापडली नाही, फांदी कुठे फुटेल याचा अंदाज किती वेळा चुकला. तुमच्यापैकी जे परदेशात सिस्टिम्समध्ये एमएस किंवा पीएचडी करतायत, त्यांच्या कितीतरी आलेखांमागे हेच आकडे असतात.

या काउंटरपर्यंत थेट हात पोचत नाही. मध्ये कर्नल बसलेलं असतं. त्याला विचारायची लिनक्समधली खिडकी म्हणजे 'पर्फ-इव्हेंट-ओपन' हा सिस्टिम कॉल. त्याआधी 'पर्फसीटीआर' आणि 'पर्फमॉन-२' असे बाहेरून जोडायचे पर्याय होते. २००८च्या डिसेंबरमध्ये थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी नवी रचना मांडली आणि २००९मध्ये २.६.३१ या आवृत्तीत ती कर्नलचा भाग झाली. तेव्हा कॉलचं नाव वेगळं होतं. पुढच्याच आवृत्तीत ते बदललं.

कॉल आला, पण त्याचं मॅन-पेज यायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात काय करायचं? हेडर फाइलमधल्या टिपा वाचायच्या, 'पर्फ' या साधनाचा सोर्स चाळायचा आणि बाकीचं प्रयोग करून शोधायचं. ते पान लिहिलं व्हिन्स वीव्हर यांनी. ते 'पापी' नावाच्या लायब्ररीवर काम करत होते. (नाव खरंच तसं आहे, मराठी माणसाला हसू येणारच!) ही लायब्ररी याच कॉलवर उभी असल्यामुळे त्यातली प्रत्येक खाच त्यांना रोज टोचत होती.

आता ते पान उघडून बघा. कॉलला पाचच गोष्टी द्यायच्या असतात, पण त्यातली पहिली म्हणजे डझनावारी रकाने असलेलं एक स्ट्रक्चर. प्रत्येक रकान्याचा अर्थ, तो कुठल्या आवृत्तीत आला, कशाबरोबर चालत नाही, सगळं तिथे आहे. शेवटी एक छोटं उदाहरणही आहे: एका 'प्रिंटएफ'ला किती सूचना लागतात ते मोजायचं. माझ्या मते खरी श्रीमंती मात्र दोषांच्या भागात आहे. २.६.३४च्या आधी कर्नलने एखादी घटना चुकीच्या काउंटरवर बसवली, तर ती गुपचूप शून्य परत करायची. २.६.३५पर्यंत एएमडीच्या यंत्रांवर 'पूर्ण झालेल्या फांद्या' या नावाखाली भलतंच काहीतरी मोजलं जायचं. एरर नाही, इशारा नाही, फक्त चुकीचा आकडा. असा आकडा छापील निबंधात गेला असता, तर परीक्षकाला कळलं असतं का?

एक सापळा आजही आहे. इंटेलच्या हॅसवेल पिढीत, हायपरथ्रेडिंग चालू असेल तर, एका धाग्याच्या वाट्याला ठरावीक कामाचे तीन आणि हवे तसे वापरायचे चार काउंटर येतात. शिवाय यंत्र अडकलंय का हे बघणारा एनएमआय वॉचडॉग त्यातला एक अडवून बसू शकतो. तुम्ही दहा घटना मागितल्यात, तर कर्नल त्या आळीपाळीने मोजतं. एखादी घटना दहा सेकंद 'चालू' होती पण प्रत्यक्षात चारच सेकंद मोजली गेली, तर आलेल्या आकड्याला अडीचने गुणावं लागतं. हे गुणोत्तर काढायला दोन वेळा मागून घ्याव्या लागतात. त्या मागितल्याच नाहीत, तर अर्धवट मोजणी पूर्ण समजून तुम्ही पुढे जाल. गुणून आलेला आकडाही अंदाजच असतो, हेही विसरू नका.

मी सध्या दोह्यात असतो. इथल्या एज्युकेशन सिटीत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या शाखेने 'राद-२' हा क्रे कंपनीचा महासंगणक उभा केला, तोही हॅसवेल प्रोसेसरचा. 'राद' म्हणजे अरबीत मेघगर्जना. अशा सामायिक यंत्रावर तुम्ही पाहुणे असता, घरमालक नाही. कर्नलमध्ये 'पॅरानॉइड' नावाची एक पातळी असते. ४.६ या आवृत्तीपासून ती मुळातच २ असते, म्हणजे साध्या वापरकर्त्याला फक्त आपल्या प्रोग्रॅमचा स्वतःचा भाग मोजता येतो, त्याच्या वतीने कर्नलने केलेलं काम नाही. मॉन्ट्रियलमधला तुमचा मित्र स्वतःच्या लॅपटॉपवर दोन्ही मोजत असेल, तर तुमचे आकडे जुळणार नाहीत. दोघंही बरोबर असाल, फक्त प्रश्न वेगळे विचारलेत.

ही सावधगिरी उगाच नाही. २०१३मध्ये याच कॉलमध्ये एक मोठं भोक सापडलं. वापरकर्त्याने दिलेली ६४ बिटांची संख्या कर्नल आत एका साध्या, चिन्ह असलेल्या 'इंट'मध्ये ठेवत होतं आणि फक्त वरची मर्यादा तपासत होतं. ऋण संख्या त्यातून अलगद निसटायची आणि त्या वाटेने साधा वापरकर्ता थेट रूट होऊ शकायचा. टॉमी रंटाला यांना हा दोष 'ट्रिनिटी' या फझरने सापडला. वीव्हर यांनी पुढे खास या कॉलसाठी वेगळा फझर लिहिला आणि त्यातून कर्नलचे आणखी दोष बाहेर आले. योगायोग वाटतो? मला नाही वाटत. नियमाच्या काठाकाठाने जाणारे कॉल तयार करायचे, तर आधी नियम माहीत हवेत आणि ते पान लिहिण्याइतके कुणाला माहीत असणार?

दस्तऐवज लिहिणं हे दुय्यम काम, असं आपल्याकडे आणि इथेही मानलं जातं. बायोडेटामध्ये त्याला ओळ मिळत नाही. पण तुमच्या पुढच्या निबंधात कर्नलची आवृत्ती, पॅरानॉइडची पातळी आणि ते दोन वेळ लिहून ठेवा. आणि पानातलं एखादं वाक्य तुमच्या यंत्राशी जुळत नसेल, तर नुसते चडफडू नका, दुरुस्ती पाठवा. ते पान अजून लिहिलं जातंय.