रातकिड्यांची पैदास

दिवेलागण झाली की बांधाच्या भेगांतून, चुलीमागच्या सांदीतून किर्रर्र असा आवाज सुरू होतो. तो रातकिडा. हा किडा कोणी मुद्दाम पाळतं, असं सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. पण युरोप-अमेरिकेत पुष्कळ घरांतून मूळचा ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा किंवा ठिपक्यांची पाल हौसेने पाळतात. या प्राण्यांना जिवंत किडा लागतो. म्हणून त्यांचे धनी घरीच रातकिड्यांची पैदास करतात. ती कशी करतात, हे आज पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे ऐकून कोणी रानातली घोरपड धरून आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड पकडणे व पाळणे हा गुन्हा आहे. रातकिड्यांची पेटी मात्र सरडा नसतानाही ठेवता येते, आणि शाळेला तर ती फारच उपयोगी आहे.

पाळण्यात दोन जाती विशेष आहेत. एक फिकट तपकिरी, घरगुती रातकिडा. दुसरा काळा, पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके असलेला. हा आपल्या देशातही आढळतो. गातो तो फक्त नर. पुढचे पंख एकमेकांवर घासून तो आवाज काढतो. मादीच्या शेपटीकडे सुईसारखी लांब नळी असते. ती ओल्या मातीत खुपसून मादी अंडी घालते.

आता पेटी कशी करायची? गुळगुळीत भिंतींचा, हात-दीड हात उंचीचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. झाकणाला मोठे भोक पाडून तारेची बारीक जाळी बसवा. कापडी जाळी ते कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा, म्हणजे लपायला जागा होते. ऊब 28 ते 32 अंश सेल्सिअस असावी. थंड मुलखात त्यासाठी दिवा लावावा लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतली जागा पुरते. पाणी उघड्या वाटीत ठेवू नका. पिल्ले बुडून मरतात. ओल्या कापसाचा बोळा ठेवावा व तो वरचेवर बदलावा. बाकी पेटी कोरडी हवी. दमट आणि घाण पेटीत किडे पटापट मरतात.

अंड्यांसाठी दोन-तीन इंच ओलसर माती भरलेले भांडे पेटीत ठेवा. दोन-तीन दिवसांनी ते काढून दुसऱ्या डब्यात न्या, कारण मोठे किडे अंडी आणि पिल्लेही खातात. माती सुकू दिली नाही तर तेवढ्या उबेत दहा-बारा दिवसांत मुंगीएवढी पिल्ले निघतात. घरगुती रातकिड्याची पिल्ले आठ-दहा वेळा कात टाकून साधारण सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण वाढतात. गर्दी झाली किंवा खाणे-पाणी कमी पडले की किडे एकमेकांना खातात.

आता खरी मेख ऐका. नुसत्या रातकिड्यांवर ठेवलेला सरडा पोटभर खाऊनही पांगळा होतो. रातकिड्यात स्फुरद भरपूर, पण चुना फारच थोडा असतो. सरड्याला चुना मिळाला नाही, की त्याचे शरीर हाडांतला चुना काढून घेते. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. म्हणजे गाईला नुसते काड घालून भागत नाही, तसाच हा प्रकार.

म्हणून रातकिड्यालाच आधी चांगले खाऊ घालावे लागते. रोज कोंडा, धान्याचा भरडा, गाजर, भोपळा चालतो. सरड्याला देण्याआधी एक-दोन दिवस त्यांना हिरवा पाला व चुनायुक्त खाद्य द्यावे, आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भुरभुरावी. पानाला लावायचा चुना मात्र चुकूनही वापरू नये; तो दाहक असतो. दिवसा वावरणाऱ्या दाढीवाल्या सरड्याला ऊन किंवा तसा खास दिवाही हवा, नाहीतर हा चुना त्याच्या अंगी लागत नाही. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. उरलेले किडे रात्री काढून घ्यावेत. भुकेले रातकिडे झोपलेल्या सरड्यालाच चावतात.

शेतातले रातकिडे धरून सरळ खाऊ घालू नयेत. त्यांच्या अंगात फवारणीचे विष असू शकते. त्यांची पुढची पिढी पेटीत वाढवून मगच वापरावी. नवे किडे जुन्यांत मिसळू नयेत. 2010 च्या सुमारास एका विषाणूने अमेरिकेतल्या घरगुती रातकिड्यांची मोठमोठी पैदास-केंद्रे रिकामी केली. दोन पेट्या वेगवेगळ्या ठेवल्या, तर एक गेली तरी दुसरी हाती राहते.

गुरुजी, तुमच्या वर्गात अशी एक पेटी जरूर ठेवा. फुलपाखरासारखी कोशाची अवस्था इथे नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. ते त्यांना शोधू द्या. गार सकाळी आणि उबदार संध्याकाळी किरकिर किती भरभर होते, ते वहीत मांडायला सांगा. प्रयोग संपला की पेटीतले किडे, विशेषतः बाहेरून आणलेल्या जातीचे, शिवारात सोडू नका. कोवळी रोपे कुरतडणारा हा प्राणी पेटीतच बरा.