विश्लेषण : हिंदमाताला पाणी का तुंबते? उत्तर दडलेय ०.५ आणि १ या आकड्यांत!

जोराचा पाऊस, त्यात समुद्राला भरती आणि टीव्हीवर हिंदमाताचे दृश्य. दादर-परळचा हा भाग बशीसारखा खोलगट आहे, हे कारण मुंबईकरांना पाठ आहे. पण बशी पूर्वीही होतीच. बदलली ती भोवतालची जमीन.

हे आकडे काय सांगतात?

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिमी पावसासाठी होत्या. त्यातही निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे गृहीत होते. म्हणजे वाहून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण ०.५. १९९३च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालानंतर नव्या वाहिन्यांसाठी ५० मिमी पाऊस आणि थेट १ हे प्रमाण धरले गेले. थेंबभरही पाणी मुरणार नाही, हे कागदावरच मान्य झाले! पाऊस दुप्पट धरला, पण वाहून न्यायचे पाणी चौपट झाले.

टाक्यांनी काय साधले?

हिंदमाताचे पाणी आता पंपांनी प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर मैदानाखालच्या टाक्यांत नेले जाते. जोर ओसरला की ते पुढे सोडतात. रस्ता लवकर मोकळा होतो, हा दिलासा मोठाच. मात्र टाकी पाणी थोपवते, मुरवत नाही. ते शेवटी समुद्रातच जाते.

कार्बनचा संबंध कुठे?

हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे कमी वेळात धो धो पाऊस पडण्याची शक्यता वाढते. दुसरीकडे, शहापूर तालुक्यातल्या भातसाचे पाणी पिसे येथे पंपांनी उचलून मुंबईकडे आणले जाते. नळाचे पाणी आणायला वीज आणि पावसाचे बाहेर काढायलाही वीज. विजेसाठी कोळसा जळतो, तोवर कार्बनही हवेत जातोच. मुंबईच्या २०२२च्या वातावरण कृती आराखड्यात २०५०पर्यंत नेट झिरोचे उद्दिष्ट आहे.

मग पाणी मुरवायचे कुठे?

एकेकाळी गिरगावच्या वाड्यांत विहिरी होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या भीतीने शहरातल्या अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, त्यांच्या तळघरांत पार्किंग आले. मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना २००२पासून पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. जुन्या चाळींचे काय?

हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५०० चौरस मीटरच्या छतावर २,००० मिमी पाऊस पडला, तर १० लाख लिटर. रोज १३५ लिटर धरले तर २० जणांचे वर्षभराचे पाणी. लालबागच्या एखाद्या चाळीत मात्र पन्हाळीचा पाइप आजही सरळ गटारात उतरतो.