डिशवॉशरमधलं मीठ जातं कुठे?

काचेचा पेला उजेडाकडे धरला की त्यावर पांढुरकी साय दिसायची. ओल्या बोटानं पुसली की क्षणभर नाहीशी व्हायची आणि पेला वाळला की पुन्हा हजर. पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या माझ्या बहिणीनं आधी डिशवॉशरमधली पावडर वाढवून पाहिली, मग बदलून पाहिली. शेवटी मी त्या पेल्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले आणि थोड्या वेळानं पुसलं. तेवढीच काच लख्ख निघाली. आम्लात विरघळणारा हा डाग चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा होता. यंत्राच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो, त्यातलं मीठ कधीच संपलं होतं. “मिठाचा दिवा लागायचा गं,” ती म्हणाली, “पण भांड्यांना मीठ कशाला, म्हणून मी लक्षच दिलं नाही.”

तिचं बरोबरच होतं. हे मीठ भांड्यांपर्यंत पोचतच नाही.

तिच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं. शाळेत आपण ‘दुष्फेन पाणी’ शिकलो, ते हेच. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर खपल्या धरतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसॉल्टच्या भेगांतून झिरपतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून घेतं. हे पाणी तापवलं की बायकार्बोनेट मोडतं आणि चुना बाहेर पडतो. डिशवॉशर तर पाणी तापवूनच भांडी धुतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा चांगला मानतात; दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. बहिणीकडचं पाणी 300 चं धरू. एका धुण्याला दहा लिटर पाणी लागलं, तर त्यातून 3 ग्रॅम चुना आत येतो. रोज एकदा यंत्र लावलं तर महिन्याला 90 ग्रॅम. भांड्यांवर यातला थोडासाच बसतो, पण काचेवर दिसायला तेवढा पुरतो.

हा चुना अडवायला यंत्रात रेझिनच्या बारीक मण्यांची एक डबी असते. रव्यासारखे दिसणारे हे मणी प्लॅस्टिकचे. त्यांच्या अंगावर ऋण भार असलेल्या जागा असतात आणि प्रत्येक जागी एक सोडियम बसलेला असतो. नळाचं पाणी यांच्यातून गेलं की दोन सोडियम उठतात आणि त्यांच्या जागी एक कॅल्शियम बसतो. कॅल्शियमवर दुप्पट भार, म्हणून मण्यांची पकड त्याच्यावर जास्त. पाणी सुफेन होऊन पुढे जातं. काही धुण्यांनंतर मात्र सगळ्या जागा भरतात. तेव्हा यंत्र कप्प्यातलं दाट मिठवणी मण्यांतून सोडतं. त्यात सोडियमची इतकी गर्दी असते की कॅल्शियमची पकड सुटते आणि तो खारट पाण्याबरोबर गटारात जातो. मिठाचं काम एवढंच, पण मला यातली ही उलटापालट फार सुंदर वाटते. एकेका कणाच्या ओढीत जो हरतो, तो संख्येच्या बळावर जिंकतो.

या अदलाबदलीचा शोध शेतातल्या मातीत लागला. इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे यांनी 1850 मध्ये दाखवलं की अमोनियम सल्फेटचं पाणी मातीतून गाळलं की अमोनियम मातीत राहतो आणि खालून कॅल्शियम बाहेर येतो. माणसानं बनवलेली रेझिनं आली ती 1935 मध्ये, अ‍ॅडम्स आणि होम्स यांच्या कामातून.

कप्प्यात घरातलं मीठ घालू नये. खडेमिठात समुद्राचं कॅल्शियम-मॅग्नेशियम असतंच, म्हणजे जे काढायचं तेच आपण ओततो. बारीक टेबल सॉल्ट दाटून बसतं आणि त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेले पदार्थही असतात. डिशवॉशरचं मीठ म्हणजे जाड दाण्यांचं, शुद्ध सोडियम क्लोराइड.

डिटर्जंटचं काम वेगळं. त्यातला सोडा तेलकटपणा सोडवतो. आजी राखेनं भांडी घासायची, ती राखही अल्कलीच. अमायलेज हे विकर वाळलेली शितं आणि पिठलं तोडतं, प्रोटीएज अंडं आणि दूध. त्यांना खायला काहीतरी हवं असतं, म्हणून खरकटं निपटून काढावं, पण भांडी आधी घासून आत ठेवू नयेत. भांडी घासायचं लिक्विड तर चुकूनही घालू नये. त्याचा फेस पंपात शिरतो, फवाऱ्याचा जोर जातो आणि फेस दारातून बाहेर येतो. अ‍ॅल्युमिनियमची पातेली आणि बिडाचा तवा मात्र हातानंच घासावा. पहिली या अल्कलीत काळी पडतात, दुसऱ्याचा तेल पिऊन तयार झालेला थर निघून जातो.

‘सगळं एकात’ म्हणून मिळणाऱ्या टॅब्लेटमध्ये कॅल्शियम धरून ठेवणारे पदार्थ असतात. पाणी मध्यम असेल तर त्या पुरतात. बोअरच्या पाण्याला मीठच हवं, आणि यंत्रात पाण्याच्या कठीणपणाचा आकडाही लावावा लागतो. बहिणीच्या यंत्रात तो कारखान्यातून आला तसाच होता. आम्ही तो बदलला, नरसाळ्यानं मीठ भरलं, कडेला सांडलेले दाणे पुसले आणि लगेच यंत्र सुरू केलं, कारण खारट पाणी स्टीलवर तसंच राहिलं तर गंज धरतो. जुने पेले तिनं लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवले.