राष्ट्राध्यक्षांची कविता

लेओपोल्द सेदार सेंघोर १९६० ते १९८० सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष होते. देशाचे राष्ट्रगीतही त्यांचेच. राष्ट्राध्यक्ष होण्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधी, पॅरिसमध्ये शिकताना, मार्तिनिकचे एमे सेझेर आणि फ्रेंच गयानाचे लेओं दामास यांच्यासोबत त्यांनी ‘नेग्रित्यूद’ची मांडणी केली होती. वसाहतीच्या शाळेने ज्या काळेपणाची लाज वाटायला लावली, तोच या तरुणांनी फ्रेंच कवितेत ताठ मानेने आणला.

महायुद्धात सेंघोर फ्रान्सच्या बाजूने लढले, १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडले आणि जवळजवळ दोन वर्षे युद्धकैदी राहिले. फ्रान्ससाठी मेलेल्या आणि फ्रान्सनेच विसरलेल्या आफ्रिकी सैनिकांवरच्या त्यांच्या कविता १९४८ मध्ये संग्रहरूपाने आल्या. त्यात संताप आहे. तरी शेवटच्या कवितेत ते देवाकडे फ्रान्ससाठीही क्षमा मागतात, आणि ती कविता अर्पण केली आहे वर्गमित्र पाँपिदू आणि त्यांच्या पत्नीला. हे पाँपिदू पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले! सेंघोर यांचे सगळे राजकारण या अर्पणपत्रिकेत दिसते.

सत्ता आल्यावर नेग्रित्यूद सरकारी विचारधारा झाली. पंतप्रधान मामादू दिया यांना १९६२ मध्ये अटक झाली, ते १९७४ पर्यंत तुरुंगात होते. १९६८ मध्ये डाकारच्या विद्यार्थ्यांचे आंदोलन मोडून काढले गेले. अस्मिता राज्य करू लागली की तिच्यातली बंडखोरी संपते, ती अशी.

काँगोच्या चिकाया उ ताम्सी यांनी हा धोका वेळीच ओळखला असावा. वडील फ्रेंच संसदेत खासदार; मुलगा त्यांच्यासोबत पंधराव्या वर्षी फ्रान्सला गेला. १९६० मध्ये चिकाया काँगो नदीपलीकडच्या लिओपोल्डव्हिलमध्ये (आजचे किन्शासा), तिथल्या दुसऱ्या, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या काँगोचे पंतप्रधान लुमुंबा यांच्या पक्षाच्या वर्तमानपत्रात काम करत होते. काही महिन्यांतच लुमुंबांची हत्या झाली. त्या जखमेतून आलेल्या ‘एपितोमे’ संग्रहात नदी आहे, ख्रिस्त आहे, स्वतःचे दुखरे शरीर आहे. साऱ्या काळ्या जगाच्या वतीने बोलण्याचा आव मात्र नाही. त्यांना ‘नेग्रित्यूदचे कवी’ म्हणवून घ्यायचे नव्हते. गंमत अशी की, संग्रहाला प्रस्तावना सेंघोर यांची, आणि १९६६ मध्ये सेंघोर यांनीच डाकारला भरवलेल्या कृष्णवर्णीय कला महोत्सवात कवितेचे पारितोषिकही याच संग्रहाला मिळाले.

इतिहास समजून घ्यायला सेंघोर वाचावेच लागतात. पण कवितेसाठी वाचणार असाल, तर सुरुवात चिकायांपासून करा.